पाचव्या माणसाचे गणित

अकरावीला अर्थशास्त्र घेतले की व्याख्या, नियम आणि आलेख यांची गर्दी सुरू होते. पुष्कळांना वाटते, हा पाठांतराचा विषय. प्रयोगशाळा काय ती भौतिकीला आणि रसायनशास्त्राला! पण तुम्ही महाड-पोलादपूरकडचे असाल, तर तुमची प्रयोगशाळा शेताच्या बांधावरच आहे. कशी, ते पाहू या.

सावित्रीच्या खोऱ्यात भाताची खाचरे आहेत, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. येथे जमीन बहुधा गुंठ्यांतच मोजावी लागते. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. समजा, एका घरची २० गुंठे भातशेती आहे. एकट्याने कसली तर २ क्विंटल भात पिकते. दोघे राबले तर ४, तिघे राबले तर ५ आणि चौघे राबले तर ५.५ क्विंटल. आता पाचवा आला. भात किती? ५.५ क्विंटलच!

एक माणूस वाढल्याने उत्पादनात जी भर पडते, तिला सीमांत उत्पादन म्हणतात. वरच्या उदाहरणात ती भर २, २, १, ०.५ आणि शेवटी शून्य अशी येते. पाचवा माणूस आळशी आहे का? मुळीच नाही. तोही घाम गाळतो. पण जमीन तेवढीच असल्यामुळे चौघांचे काम पाच जणांत वाटले जाते. हीच छुपी बेकारी. छुपी अशासाठी, की रिकामा कोणीच दिसत नाही.

'शेती टाकून मुंबईला गेला,' असे बोल तुम्ही ऐकले असतील. आता गणित मांडून पाहा. पाचवा गेला तरी भात ५.५ क्विंटलच राहते. शिवाय त्याच्या पगारातून घरी पैसे येतात. कोकणातल्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबल्या आणि पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीवर घरे चालली, त्यामागे हे गणित होते.

१९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तुम्हांला ठाऊक आहेतच. त्याआधी ९ वर्षे, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक शोधनिबंध लिहिला होता. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. शेत लहान की मोठे, एवढ्यावर भागत नाही. जमिनीशी श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण जुळते का, ते पाहिले पाहिजे, असे त्यांनी दाखवले. शेतीवर साचलेल्या जादा श्रमाला उद्योगधंद्यांत काम मिळावे, हा त्यांचा मुख्य उपाय होता. महाडजवळची औद्योगिक वसाहत पाहताना हा विचार आठवा.

पण थांबा! आपल्या गणितात एक खोच आहे. पाऊस धरला, रोपे तयार झाली, की लावणी आटोपायला दिवस थोडेच असतात. त्या वेळी पाचवाच काय, सहावा माणूसही हवासा वाटतो. मुंबईचा माणूस रजा काढून गावी येतो, तो यासाठीच. म्हणजे पाचव्याचे 'शून्य' बारमाही नसते. तो कायमचा गेला, तर लावणीला मजूर लावावा लागेल. त्याची मजुरी आणि मुंबईहून येणारे पैसे, यांत जास्त काय?

उत्तर पुस्तकात नाही, ते तुम्हांला मोजावे लागेल. एक वही करा. घरातले किंवा शेजारचे कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या कामाला किती तास लागले, ते वर्षभर लिहा. शेवटी महिनावार बेरीज करून आलेख काढा. कोणत्या महिन्यांत तो उंच जातो? कोणत्या महिन्यांत सपाट होतो? त्या सपाट महिन्यांत गावातच कोणते काम काढता येईल? वर्गात आपले आलेख शेजारी शेजारी मांडा आणि शिक्षकांशी चर्चा करा.

मुंबईची गाडी पकडावी की गावी राहावे, हा प्रश्न उद्या तुमच्यापैकी कित्येकांपुढे उभा राहील. त्या वेळी ही वही पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा अधिक उपयोगी पडेल.