मोरचूद भिजविण्याचे भांडे

जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील संत्रा-बागाइतदारांस मोरचूद नवा नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्यास बोर्डो मलम लावल्याने डिंक्या रोगास आळा बसतो, हे बहुतेक कास्तकार जाणतात. मात्र मलम लावूनही डिंक गळतच राहिला, तर औषधास बोल लावण्यापूर्वी ते कोणत्या भांड्यात भिजविले हे ग्रामसेवकाने अवश्य विचारावे.

सर्व धातूंस प्राणवायूची ओढ सारखी नसते. नेहमीच्या धातूंत मॅग्नेशियमास ती सर्वांत अधिक. त्याखाली ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, तांबे, चांदी आणि अखेरीस सोने. वरचा धातू खालच्या धातूच्या क्षारद्रावात बुडविला, तर तो स्वतः विरघळतो व खालच्यास बाहेर काढतो. मोरचूद हा तांब्याचा क्षार होय. तो लोखंडी घमेल्यात भिजविला की लोखंड पाण्यात उतरते आणि तांबे घमेल्यावर तांबूस थर होऊन बसते. बुरशीस मारणारे तांबेच असे भांड्यास चिकटले, तर झाडाच्या वाट्यास काय उरणार?

जस्ती बादली गंजत नाही, म्हणून ती चालेल असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः जस्त लोखंडाच्याही वरचे. ते तांब्यास अधिक त्वरेने बाहेर काढते. हाच गुण नळाच्या बाबतीत उपकारक ठरतो. जस्त आधी झिजते व आतील लोखंड वाचते. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात पाण्यातील क्षारांमुळे ही झीज लवकर होते, इतकेच. ॲल्युमिनियमवर मुळात संरक्षक थर असतो, पण चुना तो थर खातो. तेव्हा तेही भांडे नको.

मातीचे, लाकडी वा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात व 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून, गाळून, लाकडी काठीने ढवळीत एकत्र करावा. नंतर घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर धरावा. पात्यावर तांबूस थर आला, तर मोकळा मोरचूद शिल्लक आहे असे समजावे. तो कोवळी साल व पाने जाळतो. थर येईनासा होईपर्यंत चुन्याचे पाणी थोडे थोडे घालीत जावे. विळा दर वेळी पुसून घ्यावा, नाहीतर आधीचाच थर पाहून चुना उगाच वाढतो. तयार मलम त्याच दिवशी संपवावे.