हिमस्खलन: ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या धानाच्या शिवारात बर्फ पडत नाही. तरीही हिमस्खलन हा आपल्याशी संबंध नसलेला विषय नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये १९ मद्रास बटालियनचे दहा जवान बर्फाखाली गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. शिवाय दर हिवाळ्यात महाराष्ट्रातली तरुण मंडळी हिमालयात केदारकांठा, ब्रह्मतालसारख्या ट्रेकना जातात. गोंदिया स्टेशनावरून कुणी तिकडे निघणार असेल, तर त्याआधी या समजुती तपासून घ्याव्यात.

गैरसमज: मोठ्याने ओरडले की बर्फ कोसळतो.
वस्तुस्थिती: हे सिनेमात घडते. माणसाच्या आवाजाचा जोर त्यासाठी फारच अपुरा पडतो. उतारावर खरा ताण येतो तो नव्या हिमवृष्टीचा, वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा आणि चालणाऱ्याच्या वजनाचा.

गैरसमज: हिमस्खलन वरून येते, आपल्या हातात काही नसते.
वस्तुस्थिती: भटकंती किंवा स्कीइंग करणाऱ्यांचा बळी घेणाऱ्या सुमारे ९० टक्के हिमस्खलनांत बर्फ सुटतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने. खळ्यावरची धानाची रास दाणादाणा घसरते. हा बर्फ तसा घसरत नाही. वरचा घट्ट थर आतल्या ठिसूळ थरावर टेकलेला असतो. पाय पडून तो ठिसूळ थर चेपला, की वरची अख्खी लादी तुटून निघते. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बुटापासून भेग धावत गेली, तर आल्या वाटेने तिथूनच मागे फिरावे.

गैरसमज: धोका फक्त उभ्या कड्यांवर आणि अति उंचीवर असतो.
वस्तुस्थिती: बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. फार उभ्या कड्यावर बर्फ साचूनच राहत नाही. मोबाइलमधल्या उतारमापकाने हा कोन मोजता येतो. मात्र आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार पाहायलाच हवा. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या वाटेवर, रस्त्यालगतच सात पर्यटकांचा जीव गेला.

गैरसमज: बर्फ थांबून ऊन पडले, आता वाट मोकळी.
वस्तुस्थिती: मोठ्या हिमवृष्टीनंतरचे किंवा जोरदार वाऱ्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत फसवे. नव्या बर्फाला खालच्या थराशी घट्ट व्हायला वेळ लागतो. कोवळे ऊन आणि आधी गेलेल्यांच्या पाऊलखुणा ही सुरक्षिततेची खात्री नव्हे.

गैरसमज: गाडले गेलो तरी बचाव पथक येईलच.
वस्तुस्थिती: पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हातही हलवता येत नाही, आणि श्वास कोंडतो. सियाचीनच्या त्याच दुर्घटनेत लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, तो दुर्मीळ अपवाद होता. तेही ११ फेब्रुवारीला गेले. वाचवू शकतात ते जवळचे सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: गाडलेल्याचा ठाव सांगणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून चाचपायची लांब सळई आणि फावडे. त्या वापरण्याचा सराव आधीच झालेला हवा.

निघण्यापूर्वी डीआरडीओच्या चंदीगड येथील डीजीआरई संस्थेचे हिमस्खलन-इशारे पाहावेत. संशयास्पद उतार ओलांडताना एकेकाने जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. ट्रेक नेणाऱ्यांना स्पष्ट विचारावे: ताजा बर्फ पडला तर वाट बदलता का, मागे फिरता का? ‘हवामान कसेही असो, शिखर गाठूनच देतो’ असे सांगणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.