चाक असूनही हाताने घडविलेले रांजण

चाक आल्यावर हाताने मडकी घडविण्याची रीत मागे पडली, असा सर्वसाधारण समज आहे. खानदेशच्या मातीतील पुरावा मात्र निराळे सांगतो.

जळगाव जिल्ह्यात गिरणाकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी, तर तापीकाठी प्रकाशे येथे (पूर्वी धुळे, आता नंदुरबार जिल्हा) १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीची खापरे मिळाली. लाल रंगावर काळी नक्षी असलेली ही पातळ भांडी चाकावरची आहेत. परंतु त्याच संस्कृतीतील लोक धान्याचे मोठे रांजण हातानेच घडवीत.

याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. ओल्या मातीची उंच भिंत स्वतःच्याच भाराने खचते. म्हणून मळलेल्या मातीत वाळू, राख वा लीद मिसळून तिच्या बोटभर जाडीच्या वळ्या वळतात आणि तळावर एकावर एक रचतात. सांधे आतून-बाहेरून बोटाने दाबून एकजीव करतात. चार-पाच थर झाले की थांबावे लागते. खालचा भाग आवळल्यावरच पुढची वळी चढते. घरच्या ओसरीवरही असे लहान भांडे करता येते. ते सावलीत सावकाश वाळवून कुंभाराच्या आव्यात भाजावे. सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेनंतर ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

खापराची आतली बाजू पाहिली की रीत ओळखता येते. चाकावरच्या भांड्यात समांतर बारीक रेषा दिसतात; हातघडणीच्या भांड्यात उंचसखलपणा आणि बोटांचे ठसे दिसतात. ते फुटतेही पुष्कळदा वळीच्या सांध्यावरच.

पुणे जिल्ह्यातील इनामगावात याच संस्कृतीच्या लोकांनी आपली मृत बालके दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवली आणि घराच्या जमिनीखाली पुरली. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत, वंशावळी लिहिल्या नाहीत. त्यांच्या श्रमाची व दुःखाची साक्ष या मडक्यांतच उरली आहे.

आज गावोगावच्या पांढरीची माती खत म्हणून खणून नेली जाते आणि तिच्याबरोबर ही साक्षही जाते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या गावची पांढर जपावी. तेथे उघडे पडलेले खापर मुलांना आतल्या बाजूने दाखवावे आणि पुन्हा जागेवर ठेवावे.