बालकांतील रक्तस्राव, प्लीहावृद्धी आणि न मरणाऱ्या पेशी

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांचा एक मुलगा आमच्या चिकित्सालयात आला. अंगावर जांभळे ठिपके, नाकातून वारंवार रक्तस्राव आणि मुखावर पांडुता. आम्ही रक्तपित्त समजून चिकित्सा आरंभिली. मानेत जुन्या गाठी होत्या, प्लीहाही हातास लागत होती. परंतु या लक्षणांची परस्परसंगती आम्हांस लागली नाही. तीन आठवड्यांनी प्लेटलेट फारच घटल्याने त्यास रुग्णालयात न्यावे लागले. तेथे ‘ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम’ असे निदान झाले. आमची चूक वैद्यबंधूंच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

जंतुसंसर्ग होताच लिम्फोसाइट पेशी झपाट्याने वाढतात आणि कार्य संपताच त्यांतील बहुसंख्य नष्ट होतात. पेशीवरील ‘फास’ नामक प्रथिनास संदेश मिळाला की कॅस्पेस विकरे जागृत होऊन पेशीचे आतून विघटन होते. या नियोजित मृत्यूस केर, वायली व करी यांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात आलेल्या स्वभावोपरमवादाचे येथे स्मरण होते. तथापि दोन्ही एकच, असा दावा करणे योग्य नव्हे.

कॅनाले व स्मिथ यांनी १९६७ साली अशा बालरुग्णांचे वर्णन केले. बहुसंख्य रुग्णांत आढळणारा फास जनुकातील दोष १९९५ साली उघडकीस आला. मरावयाच्या पेशी मरत नाहीत. त्या लसिकाग्रंथी व प्लीहेत साचतात. त्याचबरोबर स्वतःच्याच तांबड्या पेशी व प्लेटलेट यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. पुढे लिम्फोमाचा धोकाही संभवतो.

गाठी किंवा प्लीहावृद्धी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि सोबत पांडुता वा रक्तस्राव असला, तर या व्याधीची शंका घ्यावी. सीडी-४ व सीडी-८ हे दोन्ही नसलेल्या विशिष्ट टी-पेशींची वाढ ही निदानाची मुख्य खूण होय. रक्तातील बी-१२ चे प्रमाण पुष्कळ वाढलेले असणे हीदेखील महत्त्वाची सूचना आहे. क्षयरोग व रक्ताचा कर्करोग यांचा निरास मात्र आधी व्हावयास हवा.

अशा बालकास विनाविलंब रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे स्टिरॉइड, मायकोफिनोलेट, सिरोलिमस यांचा उपयोग होतो. ती औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. प्लीहा काढल्यास गंभीर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ती शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात. प्लेटलेट कमी असता रक्तमोक्षण व जोरकस मर्दन वर्ज्य समजावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. येथे प्रतिकारशक्ती उणी नसून अनावर झालेली असते. म्हणून ‘शक्ती वाढविणारे’ रसायन अशा बालकास तज्ज्ञांच्या संमतीविना देऊ नये. आमच्याकडे आलेला तो मुलगा आज शाळेत जातो. परंतु ते तीन आठवडे आम्ही विसरलेलो नाही.