बुरुजांच्या दरीतला जुना रस्ता

चीनमध्ये द्रुतगती महामार्गावर सायकल नेता येत नाही. सिचुआन प्रांताच्या पश्चिम डोंगरांत ही बंदी सायकलवाल्यांच्या चांगलीच पथ्यावर पडली आहे. वेनच्वान ते बारकाम हा द्रुतगती मार्ग २०२०च्या अखेरीस पूर्ण खुला झाला, मालमोटारी नव्या बोगद्यांतून सुसाट जाऊ लागल्या आणि नदीकाठच्या जुन्या ३१७ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरची गर्दी ओसरली. चियांग आणि ग्यालरोंग तिबेटी लोकांची गावं या जुन्या रस्त्यालगतच आहेत. लगत म्हणजे बऱ्याचदा डोक्यावर! रस्ता नदीची सोबत सोडत नाही आणि गाव वर, डोंगरउतारावरच्या शेतांत. दिवसभर पॅडल मारून झालं, तरी मुक्कामाची चढण उरतेच.

या बाजूची सायकलफेरी दुज्यांगयानहून सुरू करणं सोयीचं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ली बिंग या अधिकाऱ्याने इथे मिन नदी न अडवता तिचं पाणी वाटून दिलं. छंगदू शहराभोवतीचं मैदान आजही त्यावर भिजतं. इथली उंची जेमतेम सातशे मीटर. मिनच्या काठाने वर निघालं की यिंगश्यू लागतं. १२ मे २००८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचं हे केंद्र. ६९ हजारांहून अधिक माणसं त्यात गेली, सुमारे १८ हजारांचा पत्ताच लागला नाही. इथल्या माध्यमिक शाळेच्या खचलेल्या, कलंडलेल्या इमारती तशाच जतन केल्या आहेत.

पुढे हिरवाई विरळ होते. कोयनेच्या खोऱ्यातून थेट माणदेशात उतरावं, तसा हा पालट आहे. पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात आणि वेनच्वानच्या आसपासची दरी कोरडी, भुरकट राहते. दुपारनंतर दरीच्या तोंडाकडून वर जोराचा वारा सुटतो. वर जाणाऱ्याची पाठ तो ढकलतो. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र उतारावरही पॅडल मारायला लावतो. म्हणून ही फेरी मिनच्या बाजूने सुरू करण्यातच शहाणपण.

या कोरड्या उतारांवर सफरचंद, चेरी आणि आलुबुखारची झाडं आहेत आणि काटेरी झुडपांवर सिचुआनी मिरी. फळं लाल होतात तेव्हा काट्यांतून वाट काढत ती हातानेच खुडावी लागतात. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे या मिरीचं सख्खं भावंड, दोघांची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती एकच. जीभ झिणझिणवण्यात सिचुआनी मिरी वरचढ, पण तिरफळावर वाढलेल्याला ती परकी वाटणार नाही.

वेनच्वानला मिन सोडून झागुनाओ नदीकाठी वळलं की ताओफिंग येतं. चियांग बांधकाम पाहायचं तर थांबा इथेच. चपट्या दगडांचे थर आणि मध्ये पिवळ्या मातीचा गिलावा. भिंत बुडाशी जाड, वर निमुळती. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की एका गच्चीवरून दुसरीवर सहज जाता येतं आणि खालच्या बोळांत पाहुणा हमखास चुकतो. बोळांच्या फरसबंदीखालून डोंगरातलं पाणी खेळवलं आहे. फरशी उचलायची आणि पाणी घ्यायचं. वेढा पडला तरी गाव तहानेने शरण जाऊ नये, ही त्यामागची योजना. वरच्या मजल्यावर जायला अखंड ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी. गच्चीच्या कोपऱ्यांवर पांढरेशुभ्र गारगोटीचे दगड मांडलेले असतात. चियांग घरातले हेच देव.

गावातले उंच बुरूज २००८च्या हादऱ्यात थोडी पडझड सोसून उभे राहिले. मिनच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर वसलेलं लुओबोचाय हे मातीच्या भिंतींचं चियांग गाव मात्र जमीनदोस्त झालं. म्हणून जुनं ते सगळं भक्कम, असं म्हणण्यात अर्थ नाही.

चियांगांची लोकसंख्या २०१०च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर होती. त्यांच्या भाषेला परंपरेने लिपी नाही. मंत्र, वंशकथा, विधी हे सारं ‘शिबी’ म्हणजे पुरोहितांच्या पाठांतरात. भूकंपात असे जाणकारही गेले. २००९ साली युनेस्कोने चियांग नववर्षाचा सण तातडीने जपण्याच्या वारशांत नोंदवला. २०२४मध्ये तो त्या यादीतून सर्वसाधारण यादीत आला.

झेगू डोंगर ओलांडला की मुलूख ग्यालरोंग तिबेटींचा. डोंगराच्या पोटातून २००४चा साडेचार किलोमीटरांचा जुना बोगदा जातो. चार हजार मीटरांपलीकडच्या खिंडीतून जुना वळणावळणाचा घाटही आहे. पलीकडचं बारकाम शहरच कळसूबाईच्या शिखराहून सुमारे हजार मीटर उंच आहे, तेव्हा सह्याद्रीतल्या घाटांवर तयार झालेल्या पायांनीही आधी दोन दिवस विरळ हवेची सवय करून घ्यावी.

दगडी बुरूज इथेही आहेत, बारकामहून पुढे लागणाऱ्या दानबा परिसरात तर त्यांचं रानच. चौकोनी बरेच, पण आठ कोनांचे आणि क्वचित तेरा कोनांचेसुद्धा. अनेकांचं दार जमिनीपासून बऱ्याच उंचीवर: शिडी वर ओढून घेतली की शत्रू खालीच. चीनच्या चिएनलोंग बादशहाला १७४७ ते १७४९ आणि १७७१ ते १७७६ अशा दोन मोहिमा या डोंगरांत चालवाव्या लागल्या. बुरुजांवर चढायचा सराव व्हावा म्हणून बेइजिंगजवळच्या श्यांगशान टेकड्यांच्या पायथ्याशी त्याने तसेच बुरूज बांधून घेतले. मूठभर डोंगरी सरदारांसाठी साम्राज्याने केलेला हा खटाटोप पाहिला, की दानबाच्या गवंड्यांची किंमत कळते.

दानबाहून परतीची वाट बालांग खिंडीतून. २०१६च्या सुमारास तिथे जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा झाला आणि ४,४८० मीटरांवरचा जुना घाट हौशी मंडळींकडे आला. तिबेट स्वायत्त प्रदेशात परदेशी माणसाला वेगळा परवाना आणि वाटाड्या लागतो. सिचुआनच्या या भागात एरवी चीनचा व्हिसा पुरतो. मुक्कामाची पोलिसांकडे २४ तासांत नोंद मात्र हवीच. हॉटेल ती करून देतं, गावातल्या घरी उतरलं तर आपणच विचारून घ्यावं. जून ते ऑगस्ट दरडींचा काळ, हिवाळ्यात खिंडीत बर्फ. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा, कारण राष्ट्रीय सुट्टीत छंगदूच्या मोटारी या घाटांत उतरतात.