चौदाव्या आठवड्याचा डोस कुठे घ्यायचा?

बाळाचं पहिलं वर्ष : लेखांक ७

बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या मराठी घरांत लसीबद्दल बोलणं निघालं, की लस द्यायची की नाही यावर वाद क्वचितच होतो. द्यायचीच असते. अडतं ते कधी, कुठे आणि कोणाकडे द्यायची यावर. त्याचं कारण आपल्या बाळंतपणाच्या रीतीत आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात सोलापूरला, कोल्हापूरला किंवा बेळगावला जाते. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपटायटिस-बीची पहिली लस तिथल्याच दवाखान्यात होते. सव्वा महिना संपतो आणि लगेच सहाव्या आठवड्याचा डोस येतो. तोही आजी-आजोबा नेऊन आणतात. दहाव्या आठवड्याचाही पार पडतो. मग चौदावा आठवडा, म्हणजे बाळाचा अठ्ठ्याण्णवावा दिवस. तिसरा महिना उलटला की बाळ-बाळंतीण सासरी यायची, हा हिशेब जवळजवळ प्रत्येक घरात असतो आणि नेमका हा डोस त्या प्रवासात सापडतो. माहेरचे डॉक्टर म्हणतात, आता तिकडेच घ्या. बनशंकरीत बाळाचे डॉक्टर अजून ठरलेले नसतात. सामान लावण्यात, पाहुण्यांत पंधरा दिवस जातात, मग बाळाला सर्दी होते, आणि डोस महिनाभर पुढे सरकतो. तो पुढे ढकलायचं कोणीही ठरवलेलं नसतं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की बाळाचे डॉक्टर बाळ बेंगळुरूला यायच्या आधी शोधून ठेवावेत. सातव्या महिन्यात माहेरी जाण्यापूर्वीच शोधले तर सर्वांत बरं.

पण कोणते डॉक्टर? आई-वडिलांच्या मनात आपापले बेत असतात. एका दिवशी तीन सुया नकोत, दोन वेळा विभागून द्या. ‘पेनलेस’च द्या. सरकारी केंद्रात फुकट मिळतात त्या तिथे घेऊ, उरलेल्या तुमच्याकडे. गोवरची लस गावाहून आल्यावर घेऊ. हे ऐकून काही डॉक्टर तोंड फिरवतात: आमचं वेळापत्रक हे असं आहे, पटत नसेल तर दुसरीकडे जा. काही जण लगेच मान डोलावतात: तुम्ही म्हणाल तसं. मला दोन्ही तऱ्हा चुकीच्या वाटतात, आणि दुसरी जास्त घातक. आई-वडिलांचा मान राखणं म्हणजे त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणणं नव्हे. वेळापत्रकात कुठे सैल सोडता येतं आणि कुठे येत नाही, हे उलगडून सांगणारा डॉक्टर खरा मान राखतो.

आपल्याकडे वेळापत्रकं दोन आहेत हेही अनेकांना ठाऊक नसतं. एक सरकारचं. १९८५ साली सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम, ज्यात सगळं मोफत मिळतं. दुसरं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं. खासगी दवाखान्यांत हे चालतं. पाया दोन्हींचा एकच आहे. सहा, दहा, चौदा आठवडे ही वारी दोन्हीकडे आहे. संघटनेच्या यादीत फ्लू, टायफॉइड, हेपटायटिस-ए, कांजिण्या, गालगुंड अशी भर आहे. दोन वेगळी कार्डं हातात आली की सरकारी यादी अपुरी आहे अशी समजूत होते. ती खरी नाही. जीव घेणाऱ्या आजारांचा मोठा भाग तिच्यात येतो. न्यूमोनियाची पीसीव्ही लस खासगीत काही हजार रुपयांना पडते, ती २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस त्यात वापरली जाते.

आता घट्ट काय ते पाहू. डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या बाळांनाच सर्वांत जास्त मारतो. म्हणून त्याची लस सहाव्या आठवड्यापासून आहे. ती ‘बाळ जरा मोठं होऊ दे’ म्हणून लांबवली, तर ज्या महिन्यांसाठी ती बनवली तेच महिने उघडे राहतात. जुलाबाच्या रोटाव्हायरस लसीला तर वयाची अट आहे. संघटनेच्या वेळापत्रकाप्रमाणे पहिला डोस पंधरा आठवडे पूर्ण होण्याच्या आत आणि शेवटचा आठ महिन्यांच्या आत झाला पाहिजे. वय वाढेल तसा आतड्यात आतडं सरकून अडकण्याचा दुर्मीळ धोका वाढतो, म्हणून ही अट. सरकारी कार्यक्रमात मुदत याहून मोठी आहे, पण सुरुवात उशिरा करण्यात बाळाचा काहीच फायदा नाही.

गोवरचं गणित वेगळं आहे. आईकडून मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत विरत जातं, त्याआधी लस दिली तर ती नीट लागत नाही. म्हणून नऊ महिने पूर्ण झाले की लगेच. हा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. एक रोगी, आसपास कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीपासून उद्रेक झाला, मालेगाव-भिवंडीपर्यंत पोचला, लहान मुलं दगावली. तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. आपल्याकडे बाळाला देवीच्या पायावर घालायची घाई असते. बदामीची बनशंकरी अनेक मराठी घरांची कुलदेवता, आणि इथे कनकपुरा रस्त्यावर तिच्याच नावाचं देऊळ. मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात तिथे लिंबाचे दिवे लावायला केवढी गर्दी लोटते! नऊ महिन्यांच्या आतलं बाळ त्या गर्दीत न्यायचं असेल, तर त्याचं संरक्षण भोवतालच्या मुलांनी घेतलेल्या लसीवर आहे, हे लक्षात ठेवावं. नेणं पुढे ढकलता येतं. देवी कुठे जात नाही.

सैल काय? हेपटायटिस-ए, कांजिण्या, टायफॉइड यांना काही आठवडे मागेपुढे झालं तरी चालतं. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे चालते. सहा-दहा-चौदा आठवड्यांच्या डोसांत निदान चार आठवड्यांचं अंतर लागतं. साधी सर्दी किंवा थोडी कणकण हे लस टाळायचं कारण नाही. आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, तर मात्र डॉक्टर स्वतःच विशिष्ट लस थांबवतात.

एका दिवशी अनेक सुया ही भीती मला समजते. घट्ट धरलेलं बाळ, दोन्ही मांड्यांत टोचणी, मग ते श्वास रोखून रडणं. अमेरिकेत २००७ साली रॉबर्ट सीअर्स या डॉक्टरांनी लसी विभागून देण्याचं एक पुस्तकच काढलं आणि हजारो आई-वडिलांनी ते उचललं. त्या विभागणीमागे अभ्यासाचा आधार नव्हता. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय मंडळाने, पुरेशी माहिती न घेता एका मुलाला लसीतून सूट दिल्याबद्दल, त्यांच्यावर परिवीक्षेची कारवाई केली. विभागून देण्यात बाळाचं रडणं कमी होत नाही. दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात आणि मधले उघडे दिवस वाढतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘पूर्वीपेक्षा आताच्या लसींत प्रतिजनं (प्रतिकारशक्तीला जागं करणारे घटक) कितीतरी कमी असतात’ हे अमेरिकेतलं उत्तर आपले काही डॉक्टर जसंच्या तसं देतात. ते तिकडे खरं आहे, कारण तिकडे डांग्या खोकल्याची जुनी, संपूर्ण जिवाणूची लस बंद झाली. आपल्या सरकारी कार्यक्रमात तीच चालू आहे. म्हणून आपल्याकडे खरं उत्तर हे, की ती लस दशकानुदशकं कोट्यवधी बाळांना दिली गेली आहे, तिने ताप आणि सूज जास्त येते आणि संरक्षण चांगलं मिळतं.

‘पेनलेस’चा प्रश्न इथेच सुटतो. सुई दोन्हीत तेवढीच दुखते. फरक नंतरच्या तापात आणि मांडीच्या सुजेत आहे. ‘पेनलेस’ म्हणतात त्या लसीत जिवाणूचे फक्त काही भाग असतात, त्यामुळे त्रास कमी, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं आणि किंमत बरीच जास्त. पहिल्या तीन डोसांना जुनी लस घ्यावी असं माझं मत आहे. आधीच्या डोसाला फारच त्रास झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलून बदलावी. तापाचं औषध मात्र बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं आणि घाईत घोटाळा होतो.

बनशंकरी दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमध्ये बालरोगतज्ज्ञांची कमी नाही. पहिल्या भेटीत बाळाला टोचायचं नसताना जा, आणि आधी हा मोठा प्रश्न विचारा: आम्ही काही लसी महापालिकेच्या केंद्रात घेतल्या तर तुम्ही पुढचं बघाल का? ‘हो, फक्त कार्ड आणा’ असं म्हणणारे डॉक्टर मला पसंत. काही ठिकाणी चेहरा बदलतो, तेही उत्तरच. मग बाटली दाखवा म्हणा. चांगला डॉक्टर टोचण्याआधी लसीचं नाव आणि मुदत आई-वडिलांना दाखवतोच. सरकारी लसीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उष्णता लागत जाते तसा चौकोन काळवंडतो, आणि वर्तुळाच्या रंगाला पोचला की ती बाटली टाकून द्यायची. खासगी बाजारातल्या सगळ्या बाटल्यांवर ही खूण नसते. तिथे वीज गेल्यावर फ्रिज दोन ते आठ अंशांत कसा राहतो, हे विचारायला संकोच करू नये. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात का, आणि गंभीर त्रास झाला तर सरकारकडे तशी नोंद करतात का, हेही विचारावं.

भाषेचाही विचार करा. आईला इंग्रजी येत असेल, पण दुपारी बाळाजवळ आजी असते. नर्स ‘ज्वर बरबहुदु’, ताप येऊ शकतो, म्हणाली तर ते आजीला कळलं पाहिजे. मराठी डॉक्टर मिळाले तर उत्तम, न मिळाले तर सूचना कागदावर घ्या आणि घरी मराठीत लिहून फ्रिजवर लावा.

डॉक्टरांनी नकार दिला तर? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार, तातडीचा प्रसंग सोडला तर, कोणावर उपचार करायचे हे ठरवायची मोकळीक डॉक्टरला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ साली, लस सतत नाकारणाऱ्या कुटुंबाला निरोप देणं हा मान्य पर्याय ठरवला. त्यामागे प्रतीक्षालयात बसलेल्या इतर तान्ह्या बाळांची काळजीही आहे, आणि ती मला रास्त वाटते. तरी शंका विचारणारं कुटुंब आणि नाकारणारं कुटुंब यांत फरक करता आला पाहिजे. शंका विचारल्यावर चिडणारे डॉक्टर बदला. लस चुकवायला सहज तयार होणारेही बदला.

कागदांचा गोंधळ शेवटचा. महाराष्ट्रात मिळालेलं माता-बाल कार्ड आणि कर्नाटकातलं तायी कार्ड, दोन्ही एकाच पिशवीत ठेवा, दोन्हींचे फोटो फोनमध्ये असू द्या. यू-विन या सरकारी पोर्टलवर माहेरीच बाळाची नोंद झाली असेल, तर देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस घेता येतो आणि नोंद त्याच नावावर चढते. पोलिओचं इंजेक्शन सरकारी केंद्रात दंडाच्या कातडीत, कमी मात्रेत देतात आणि खासगीत मांडीच्या स्नायूत पूर्ण मात्रेत. आधी कुठलं दिलं हे नव्या डॉक्टरांना सांगा.

बाळ अजून माहेरी असेल तर आजच त्याच्या जन्मतारखेत अठ्ठ्याण्णव दिवस मिळवा. जो दिवस येईल त्याच्या आधी बेंगळुरूचं तिकीट असेल तर इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. तिकीट त्यानंतरच्या आठवड्यातलं असेल, तर डोस माहेरीच घेऊन या.