जुन्या दप्तरांतून वंशावळीचा शोध

गावातील वृद्धास पणजोबांचे नाव विचारले, तर बहुधा उत्तर मिळते. त्यामागील पिढी विचारली की स्मरणाचा धागा तुटतो. तो सांधण्याचे साधन म्हणजे जुने कागद होत. हा शोध केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीच्या कागदांस विशेष महत्त्व असते. आजोबांच्या एका नोंदीवर नातवाचे पुढील शिक्षण अवलंबून राहू शकते.

'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे शिक्षकांच्या परिचयाचे सूत्र येथेही लागू पडते. प्रथम हयात माणसांकडून नावे, गावे व नाती लिहून घ्यावीत; मग एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक पायरीस कागदाचा आधार शोधावा. प्रसिद्ध घराण्यापासून आरंभ करून आपल्यापर्यंत उतरू पाहणारा बहुधा चुकीच्या घरात पोहोचतो.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने 1832 मध्ये झाला. पुढे 1849 मध्ये 'ज्ञानप्रकाश' व 1881 मध्ये 'केसरी' निघाला. जुन्या वृत्तपत्रांत सामान्य माणूस अग्रलेखात क्वचितच भेटतो. तो भेटतो लिलावाच्या जाहिरातीत, वारसाच्या नोटिशीत, देणगीदारांच्या यादीत. नोटिशीत न्यायालयाचे नाव व दाव्याचा क्रमांक असेल, तर दप्तराचा दरवाजा उघडतो. मात्र शेतमजूर व कारागीर यांची नावे वृत्तपत्रांत अल्प. नाव न आढळणे हा माणूस नसल्याचा पुरावा नव्हे.

न्यायालयीन कागद अधिक बोलके असतात. वाटणी, दत्तक व वतन यांच्या दाव्यांत पक्षकारांस वंशावळ मांडावी लागे. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. अशा कर्जाच्या दाव्यांत साध्या कुणब्याचेही नाव, गाव व पित्याचे नाव आढळते. अन्यत्र न दिसणारी विधवांची व मुलींची नावेही वारसाच्या तंट्यांत सापडतात. तथापि, वंशावळ सादर करणारा स्वतःच्या लाभासाठी ती मांडत असतो. म्हणून प्रतिवादीची कैफियत व निकालपत्र वाचल्यावाचून ती खरी मानू नये.

वाचनात तीन अडचणी येतात. पहिली लिपीची, जुने मराठी कागद बहुतांशी मोडीत आहेत. दुसरी कालगणनेची, शके 1800 म्हणजे इसवी सन 1878-79, तर दख्खनचा फसली सन 1300 म्हणजे 1890-91. तिसरी नावांची, अनेक ठिकाणी आडनाव नसते. 'बिन' किंवा 'वलद' यापुढे पित्याचे, तर 'कोम' किंवा 'भ्रतार' यापुढे पतीचे नाव येते. एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष असू शकतात. म्हणून नाव, पिता, गाव व काळ या चारही गोष्टी जुळल्या, तरच नोंद आपली समजावी.

या साऱ्या साखळीत प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हा मोलाचा दुवा आहे. अनेक कुटुंबांच्या बाबतीत जन्मतारीख, जात व पालकाचे नाव एकत्र सांगणारा सर्वांत जुना कागद तोच असतो. जीर्ण रजिस्टर वाळवी व ओल यांपासून जपावे, त्याची सूची करावी, मूळ नोंदीत खाडाखोड होऊ देऊ नये आणि उतारा अक्षरशः मुळाप्रमाणे द्यावा. मूळ नोंद चुकीची वाटली, तरी ती परस्पर सुधारू नये. रीतसर आदेशानेच दुरुस्ती व्हावी.

मुलांकडून तीन पिढ्यांची नावे घरी विचारून आणविणे हा इतिहासाचा उत्तम पाठ होय. आईकडील नावेही त्यात यावीत. मात्र कोणाची जात वा घरातील कलह वर्गात उच्चारला जाऊ नये आणि ज्याच्या घरी एकही कागद नाही, त्या मुलास उणेपणा वाटू नये. त्याच्या पूर्वजांनीही ही जमीन कसली, विहिरी खणल्या. त्यांची नोंद झाली नाही, एवढेच. आज शिक्षकाच्या हातून होणारी स्वच्छ व अचूक नोंद त्याच मुलाच्या नातवंडांना उद्या उपयोगी पडेल.